फंदे

"खायलंय की सायेब, चौघांचं एकटं खायलंय,"
तिपव्वा धोत्रे म्हणाली,
"मग जायलंय कुठं?"

या प्रश्नाला माझ्या रजिस्टरात रकाना नव्हता.
मी व्रणोपचारक. जखमा धुतो, पट्ट्या बांधतो,
डॉक्टर नसले की डॉक्टर होतो,
आणि ते बहुतेक नसतातच.

सोलापूरचा मे. वडार गल्लीत पत्र्याच्या वीतभर सावलीला
पाच महिन्यांचं पिल्लू उभं होतं.
पोट मडकं, पाठ दोरी, केस राठ, उलटे.
पुढ्यात मंगल कार्यालयाचं उष्टं:
भात, आमटी, शेंगापोळीच्या कडा.
खाता खाता ते खोकलं,
अगदी माणसासारखं.

सोमवारी औषध घेऊन येतो, म्हणालो.
शनिवारी ते मेलं.

सिमेंटच्या पोत्यात घालून, भाच्याच्या लुनावर
तिनं ते दवाखान्यात आणलं.
"फाडा. मला बी बगू द्या."

यकृतावर पांढरे डाग,
दूध सांडून वाळल्यासारखे.
अळ्या इथून गेल्या, मी सांगितलं,
इथून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशात,
गिळल्या की परत आतड्यात.
"एवढा फेरा?" ती म्हणाली. "निघाले तिथंच यायला?"

मग लहान आतडं उघडलं.
रंगात बुडवायच्या आधीची
सुताची ओली लड असावी तसे जंत,
एकात एक, अजून वळवळणारे.
त्रेसष्ट मोजले. पुढं मोजले नाहीत.
हे चावत नाहीत, धरून बसत नाहीत.
वाहत्या अन्नात नुसते प्रवाहाच्या उलट पोहत राहतात,
तोंड उघडं ठेवून.

पण तेवढ्यानं हिशेब लागत नव्हता.
जंतांनी खाऊनही खूप उरत असणार. ते कुठं गेलं?

तिपव्वा अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात
कडा शिवायला जाते, एवढं मला ठाऊक होतं.
म्हणून विचारलं, चांगला माल कसा ओळखता?
"हात फिरवायचा. फंदे उभे पायजेत.
फंदे बसले की नुसतं कापड.
पाणी इकडचं तिकडं ढकलतंय, पीत न्हाई."

कपाटातली बरणी काढली,
निरोगी आतड्याचा तुकडा तिच्यापुढं ठेवला,
भिंग दिलं.
मखमल. लाखो फंदे, उभे.
मग हे आतडं.

तिनं भिंग बाजूला ठेवलं
आणि उघड्या बोटानं ते चाचपलं.
हातमोजे घाला म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.
बोट सरकत गेलं, कुठंच अडलं नाही.
"घासून घासून गुळगुळीत केलंय की मेल्यांनी."
मग बऱ्याच वेळानं,
"म्हंजे तीन महिने रिक्षाचं भाडं देऊन
मी ह्यांचीच पंगत वाढली."

उरलेल्या चौघांना औषध दिलं.
सांगितलं ते सगळं:
अंडी चिकट असतात, मातीत वर्षानुवर्षं टिकतात,
फिनेलला दाद देत नाहीत.
मादी व्यायच्या आधी तिची आचळं कोमट पाण्यानं धुवा.
खाली फरशी घाला, उकळतं पाणी ओता.

"फरशी," ती म्हणाली.
"माझ्या चुलीपुढं फरशी न्हाई, सायेब."

निघताना दारात थांबली.
"माणसाची गोळी वेगळी असती का?"
कुणासाठी, मी विचारलं नाही.
नगरपालिकेच्या दवाखान्याची वेळ लिहून दिली.

गणपतीच्या सुमाराला पुन्हा आली.
चौघांतली तीन भरली होती. एक तसंच.
"त्याचे फंदे परत उठायचे न्हाईत का?"
उठतात, म्हणालो. बहुधा. वेळ लागतो.

पदराखालून तिनं टॉवेल काढला.
"रिजेक्ट माल हाय. एका टोकाला फंदे उडालेत.
हात पुसायला चालतंय."

बेसिनजवळ खिळ्याला टांगलाय.
घाईत नेमकं तेच टोक हाताला लागतं
आणि हात ओले राहतात.