समांतर दांड्या

बर्मिंगहॅम, गुरुवारची बॅच.
दांड्यांमध्ये कॉनर प्रिचर्ड,
डावा पाय हेल्मंडमध्ये राहिला.
"आम्ही तिथे गेलो
म्हणून इथे स्फोट कमी."
घाम पुसतो. पुन्हा सात पावलं.

खिडकीशी मिसेस ओडुया,
उजवा गेला बसमध्ये, कामावर जाताना.
"तू गेलास म्हणूनच..."
पुढचं बोलत नाहीत.
पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवतात.

मी फिजिओ. माझ्याजवळ कोन मोजायची पट्टी;
गुडघा किती वाकला
एवढंच तिला कळतं.

काट्याने काटा काढावा, आई म्हणायची,
सुई सापडली नाही की.
निघालेला काटा तळहातावर ठेवून दाखवायची.
ज्याने काढला, तो
कुठे टाकायची, कधी विचारलं नाही.
अंगण तेच होतं.
आम्ही अनवाणी.