हातचा पाऊण तास

काल रात्री जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं
आणि त्यावर अर्धं आखात पसरलं.
कोपऱ्यांवर वजनं: मिठाची बरणी, लोणच्याची,
मुकुंदचा चष्मा, आणि एक टाइल,
आमच्याच कारखान्यातली, नापास मालातली.

रास अल खैमा ते फुजैरा, फुजैरा ते अल ऐन,
अल ऐनहून घरी.
पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.
पहिली रेघ मसाफीच्या खिंडीतून गेली,
दुसरी नेमकी नकाशाच्या घडीवर आली,
जिथे कागद झिजून डोंगर पांढरे पडलेत.

टेस्फाये सरांनी शिकवलं होतं:
नकाशाचं उत्तर वेगळं, सुईचं उत्तर वेगळं,
इथे दोघांत दोन अंशांचा फरक.
मी मराठीतून हसले, त्यांना कारण कळलं नाही.
अठरा वर्षं ताळेबंद मांडते आहे;
दोन उत्तरं आली की एक खोडायचं, एवढंच ठाऊक.
इथे दोन्ही ठेवायची
आणि फरक बाजूला लिहायचा.

मग वजनांचा तक्ता.
वैमानिक: अडुसष्ट किलो.
आयुष्यात पहिल्यांदा एका फॉर्मवर खरा आकडा लिहिला.
पिशवी मुकुंदने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली,
पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, खजूर,
आणि त्याने मला न विचारता घातलेले चार मेथीचे ठेपले:
एकशे नव्वद ग्रॅम.
तेही लिहिले.

अडीच तास, तासाला पंचवीस लिटर,
साडेबासष्ट.
वर पाऊण तासाचं राखीव,
जे मोजायचं, भरायचं, वाहायचं,
आणि वापरायचं नाही.
आई बेरीज करताना हातचा एक
पाटीच्या कडेला बारीक लिहायची, तसं
मी ते कडेला बारीक लिहिलं.

मुकुंदने एकदाच विचारलं,
आणि तेही भांडी विसळता विसळता, पाठमोरं,
‘इंजिन बंद पडलं तर?’
मी बोटाने दाखवत गेले.
इथे उंटांच्या शर्यतीचा ट्रॅक, इथे धैदची शेतं,
हा खडीचा माळ.
ही पांढरी सपाट जागा मात्र नाही.
ही सबखा. वरून फरशीसारखी दिसते,
मिठाच्या पापडीखाली चिखल असतो,
चाक टेकलं की रुतलंच.
‘आणि इथे?’
इथे डोंगर आहेत, म्हटलं.
इथे उंच राहायचं.
तो बराच वेळ एकच पातेलं विसळत होता.

पहाटे साडेचारला दोघंही जागे,
दोघंही झोपल्याचं सोंग घेऊन.

विमानतळावर धुकं.
जानेवारीतलं, खाडीवरून आलेलं, टेकून बसलेलं.
धावपट्टीचे पहिले तीन दिवे दिसत होते, चौथा ऐकीव.
बशीरुलने पंखाखाली बादली उलटी घालून दिली बसायला.
नोआखालीचा माणूस, सहा वर्षं विमानांत तेल भरतोय,
एकदाही बसला नाही त्यांत.
‘दीदी, पानी देखो,’ म्हणाला.

टाकीखालच्या झडपेतून काचेच्या पेल्यात काढलं:
निळसर इंधन, आणि तळाशी
एक गोल, स्वच्छ, निर्दोष दिसणारा थेंब.
रात्रभर आखाताची हवा आत शिरून
थेंब होऊन बसली होती.
फेकलं. पुन्हा काढलं. पुन्हा थेंब, लहान.
तिसऱ्यांदा नुसतं निळं.
मी चौथ्यांदाही काढलं.
बशीरुल काही बोलला नाही, पेला पुसून दिला.

नऊला वारा बदलल्याचं कळलं.
मग गुडघ्यावर नकाशा, खोडरबर,
सगळ्या दिशा पुन्हा.
रबराचे कण पंख्याच्या पात्यावर फुंकले.

साडेनऊला सर आले,
कागद उलटसुलट पाहिले, एका आकड्याखाली नख फिरवलं,
मला वाटलं चुकलं.
‘ठेपला म्हणजे काय?’

मग त्यांनी उजवीकडचं दार उघडलं
आणि ते आत बसले नाहीत.
रिकाम्या खुर्चीचा पट्टा सुटा ठेवायचा नसतो,
हवेत उसळून दांड्यात अडकतो.
मी वाकून तो ओढला,
कुणीच नसलेल्या पोटावरून आडवा घेतला,
कडी लावली.
एकदा हिसका देऊन पाहिलं.
घट्ट आहे.