तिसरा नंबर

दांडिया बाजारामागच्या आमच्या बालवाडीत
झोपाळा एक, मुलं अकरा.
पुष्कर तिसरा.
सव्वाचार वर्षांचा, कॉलर तोंडात.

काल त्यानं ध्वनीला ढकललं.
तिच्या कोपरावर अजून हळदीचा डाग आहे.
मी एवढंच म्हटलं होतं,
हात उठला की आधी खिशात घालायचा.
आज त्याची आई सांगत होती,
खिशाचीच चड्डी हवी म्हणून पहाटेपासून रडला.

ध्वनीचे दहा झोके ठरलेत.
तो मोजतो.
मराठीत सुरू होतो, त्रणपासून गुजरातीत शिरतो,
सातानंतर पुन्हा पाच.
उजवा हात खिशात वळवळतोय,
पिशवीत मांजराचं पिल्लू कोंडावं तसा.

अकरावा झोका. बारावा.
ती उतरत नाही.
मी उठता उठता बसते.

खिसा फुगतो. खालचा ओठ बाहेर येतो.
मग त्याला ते कोपर दिसतं.
बघत राहतो.
"दुखे छे?"

ती पाय टेकवून झोपाळा थांबवते.
"थोडंसं."
आणि फळीवर जरा सरकून बसते.

दोघं झुलू लागतात, तोच
दुसऱ्या नंबरचा निसर्ग भोकाड पसरतो,
ताई, माझा वारो!

बघते तर
त्याच्या चड्डीला खिसाच नाही.