पाझराला दगड

पामुक्कलेच्या पायथ्याशी आमचं आठ खोल्यांचं पान्सियोन.
वर डोंगरावर चुन्याचे पांढरे टप्पे.
तिकीट काढून, बूट हातात घेऊन
लोक त्यांवरून अनवाणी चालतात,
काय हे आश्चर्य, म्हणतात.
खाली येऊन तेच लोक शॉवर उघडतात
आणि जिन्यातून हाक मारतात,
मुनेव्वर हानिम, साबणाला फेस येत नाही.

कसा येईल?
इथे फेस येतो तो माझ्या तोंडाला,
आठ शॉवरच्या चाळण्या टाचणीने टोकरताना,
दर सोमवारी किटलीत लिंबूसत्त्व उकळताना.
वर जे आश्चर्य, तेच खाली खरकटं.
बुडाला धरलेला पापुद्रा मी चमच्याने खरवडते.
त्याला कुणी तिकीट लावलेलं नाही.

हुर्शित बत्तीस वर्षं वरच्या फाटकावर तिकिटं फाडायचा.
घरी आला की चहाचा पेला उजेडाकडे धरायचा.
तळाशी पांढरी कणी दिसली की म्हणायचा,
बघ, डोंगर माझ्या मागोमाग आला.
पुढे त्याला मुतखडा झाला.
डॉक्टर म्हणाले, पाण्याचा संबंध नाही.
शेजारी म्हणाले, पाण्याचाच.
त्याला शेजाऱ्यांचं पटलं,
आणि चहा तेवढाच पीत राहिला.

यंदा मार्चात रुकनेत्तिन उस्ताने
न्हाणीतला जुना पाइप कापला.
अंगठा जाईल एवढी वाट होती,
आता काडी जाईना.
कापल्या तोंडावर वेढ्यांत वेढे,
झाडाच्या बुंध्यात असतात तसे.
उस्ता नखाने मोजत गेला.
हा जाड आहे ना, म्हणाला,
त्या वर्षी लेकीचं लग्न असणार,
पाहुण्यांच्या आंघोळी.
दगडाला पाझर फुटतो म्हणतात.
आमच्याकडे पाझराला दगड फुटतो.

फेरिदे इझमीरहून आली ती
पाणी मऊ करायचं यंत्र घेऊनच.
निळी टाकी, तिच्या पोटात मिठाची गोणी.
आई, आता जन्मात खरवडू नकोस.

पाणी मऊ झालं, खोटं कशाला बोलू?
पेले लखलखीत, पाहुण्यांचे केस रेशीम,
चिमूटभर साबणाला बादलीभर फेस.
इतका, की हात धुतले तरी
धुतल्यासारखे वाटेनात,
बोटं एकमेकांवरून निसटायची
ओल्या माशांसारखी.

आणि हरभरे.
रात्रभर भिजायचे, मग सकाळभर शिजायचे.
तेवढ्यात शेजारची साफिये
सुनेची सगळी गाऱ्हाणी उरकायची.
मधून मी झाकण उचलून बघायची,
अजून कच्चे आहेत, बोल तू.
आता चाळीस मिनिटांत बोटाने चेपतात.
साफिये अर्ध्यावर उठते,
गोष्टीत सून अजून दारातच उभी.

वाचलेल्या सकाळचं काय करायचं
ते यंत्राच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.
मी चष्मा लावून पाहिलं.

टाकीमागे उस्ताने एक पिवळी चावी बसवली आहे,
यंत्र बिघडलंच कधी
तर जुनं पाणी सरळ घरात यावं म्हणून.
यंत्र बिघडलेलं नाही.
शुक्रवारी पाहुणे डोंगरावर गेले
की मी वाकून ती चावी पिळते,
हरभरे चढवते,
साफियेला भिंतीवरून हाक मारते.
तिच्या आधी एक चहा एकटीचा,
हुर्शितच्या पेल्यातून.
उजेडाकडे धरते.
कणी खाली बसायला वेळ घेते.

संध्याकाळी फेरिदेचा फोन,
आई, किटली स्वच्छ राहते ना आता?
राहते की, म्हणते मी,
आणि हातातला चमचा
एप्रनच्या खिशात ढकलते,
फोनला डोळे असल्यासारखा.