जास्तीचं पान

त्वोरोयरीच्या वाचनालयात प्रिंटर एकच,
आणि तो चालवणारी मी.
एका पानाला पाच क्रोनर.
दुमडून पाकिटात घालून देणं फुकट.

तुम्मास आला तेव्हा धुकं धक्क्यापर्यंत उतरलं होतं,
बोट भोंगा देत होती पण दिसत नव्हती.
त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला,
गळ काढावा तसा, बोटं सांभाळून.
"एकच पान आहे," म्हणाला, "भावाला."

निघाली दोन.

सकाळी एक पोरगी प्रबंध छापून गेलेली.
'दस्तऐवजाचे गुणधर्मही छापा'
या चौकटीतली खूण तशीच राहिली होती.
चूक माझीच. मी ते पान रद्दीच्या ट्रेकडे सरकवलं,
पण म्हाताऱ्याचे डोळे अजून समुद्रावरचे.
"हे काय?"

लेखक: पॅकिंग विभाग ३.
कारखाना बंद पडला तेव्हा संगणक विकायला काढले होते,
त्यातलाच हा एक. नाव बदलायचं असतं
हे त्याला कोण सांगणार?
तयार केले: दोन फेब्रुवारी, पहाटे तीन दहा.
बदल क्रमांक: एकशे अठरा.
एकूण संपादन काळ: २७८० मिनिटे.
शब्द: सत्तावीस.
आणि वर, सगळ्यांच्या वर,
शीर्षक: सामल, तू चोर आहेस

दुसऱ्या पानावर पत्र होतं.

*प्रिय सामल,*
*नावघराचं छप्पर या वादळात गेलं.*
*मी पत्रे टाकून घेतले आहेत.*
*तुझी वल्ही कोरडी आहेत.*
*उन्हाळ्यात आलास तर होडी बाहेर काढू.*
*एकट्यानं ती निघत नाही.*
*तुम्मास*

कशाचा चोर, ते मी विचारलं नाही.
बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे.

समजावलं: पहिल्यांदा जतन करताना
यंत्र पहिली ओळ उचलतं आणि तिचंच शीर्षक करतं.
मग तुम्ही ओळ खोडा, मऊ करा, पुन्हा लिहा,
ते परत विचारायला येत नाही.
हे त्याचं पाळण्यातलं नाव.

त्याचे कान लाल झाले.
मग हसला, खोकला, पुन्हा हसला.
"हे त्याच्यापर्यंत जाईल?"

कागदावरून नाही. खूण काढली की पान निघत नाही.
पण बिरिताला पीडीएफही पाठवायची म्हणालात ना,
एस्ब्यर्गला, ती काकाला वाचून दाखवील म्हणून?
तिच्यात हे आतून जातं,
कोटाच्या अस्तरात शिवलेल्या नोटेसारखं.
शीर्षक तर आतही राहत नाही,
खिडकीच्या माथ्यावर येऊन बसतं.

"पूस."
पुसलं. ती जागा रिकामी झाली.
"पॅकिंग विभाग राहू दे.
माझ्यामागे एक अख्खं खातं उभं आहे असं वाटेल."
आणि मिनिटं? शेहेचाळीस तास होतात, वर वीस मिनिटं.
ती काही खरी नाहीत, म्हणाला,
फाइल उघडी टाकून मेंढ्या बघायला गेलो होतो,
एकदा तर खुर्चीतच झोप लागली, उजाडेपर्यंत.
यंत्राला ते कळत नाही, मी म्हटलं,
उघडं म्हणजे उघडं.

त्यानं टोपी घातली.
"सामलला कुठे बघायचं ते ठाऊक नाही."
"बिरिताला आहे."
यावर तो बोलला नाही.
पाच क्रोनर ठेवले, खिसा चाचपून आणखी पाच.
"छापलंस तर खरं."

संध्याकाळी पीडीएफ काढताना
त्या छोट्या चौकटीवर माझा बाण थांबला.
खूण होती.
मी दिवे बंद करायला उठले, परत येऊन बसले,
आणि तशीच पाठवली.

जास्तीचं पान माझ्याकडे आहे.
मागच्या बाजूला यादी केली:
काळी शाई, कागदाचे दोन गठ्ठे, मांजराचं खाणं.
दुकानात उजेडासमोर धरलं
तर खाण्याच्या मधूनच
दोन हजार सातशे ऐंशी दिसत होतं.