तीनशे ताटं

बेटावदला आमच्या घराला लागून एक खोली होती.
तिची किल्ली आईच्या कमरेला.
आत तीनशे ताटं, सहाशे वाट्या, नऊ गंज,
आणि बट्ट्या तळायची एक कढई,
जिच्यात मी लपलो असतो तर कुणाला सापडलो नसतो.

प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी टोचलेलं : म. मं. बे.
टोचणारा धुळ्याहून आला होता यष्टीनं,
दुपारभर आमच्या ओट्यावर टकटक.
एका झाऱ्यावर त्याने ‘बे’ उलटा काढला.
आईने त्या झाऱ्याचे पैसे कापले,
चहा मात्र दोनदा पाजला.

सुरुवातीला अकरा बायका.
पायली पायली दादर विकून त्यांनी पैसे उभे केले,
कारण गुलाब शिंप्याच्या पोरीच्या लग्नात
वऱ्हाड मांडवात बसलेलं असताना
भाड्याच्या भांडीवाल्याने आधी रोख मागितली होती.
अध्यक्ष कोण, म्हटल्यावर दहाजणी आईकडे बघू लागल्या.
ती धाकटीला पाजत होती.
पदर सावरून म्हणाली, वही आणा.

मोजीसन लई जा, मोजीसन दी जा.
या एका वाक्यावर
पंचेचाळीस आखाज्या, पंचेचाळीस कानबाया,
किती हळदी, किती गंधमुक्त्या.
वहीमागे माणसं येत गेली :
दारू पिणारा नवरा, बांधावरचं भांडण,
दवाखान्यात सही करायला कुणीच नसलेली एखादी.
आई चप्पल घालून निघायची.
चूल अर्धी, आम्ही अर्धे.

घरात आठ माणसं, ताटं सात.
ती शेवटी जेवायची, म्हणून सात पुरायची.
भिंतीपलीकडे तीनशे.
एका रात्री मी तिच्या उशाखालून किल्ली काढली
आणि चकचकीत ताटात शिळी भाकर खाल्ली.
सकाळी तिने मारलं नाही. वही उघडली.
म्हणाली, नाव सांग.
दंड चार आणे. कापूस वेचून फेडले.

राग होताच. पुष्कळ वर्षं होता.
गोवर निघाला तेव्हा ती नदीपलीकडे
दोन भावांची वाटणी सोडवत होती.
घरी कोण असतं, असं मास्तरांनी विचारलं,
मी म्हणालो, भांडी.

दादा गेले, त्या महिन्याचं पान मी नंतर पाहिलं.
तिचंच अक्षर, डावीकडे कललेलं :
नेणार, तापीबाई धुडकू बोरसे.
कारण, गंधमुक्ती.
ताटं दोनशे. परत दोनशे.
पळी एक कमी. दंड भरला.
देणाराची सही तिची, घेणाराची सही तिची,
आणि दोन्हींमध्ये
थोडी शाई फुटलेली.

आता त्र्याऐंशी. गुडघे जिना मानत नाहीत.
लग्नांना केटरर येतो, थर्माकोलच्या पत्रावळी
पांझरेच्या कोरड्या पात्रात उडत राहतात.
तरी भिलाटीतून, स्टेशनाकडच्या घरांतून
अजून कुणीतरी येतं, वही मागतं.
म्हणून किल्ली नर्मदा मालचेला द्यायचं ठरलं.
दोघी सकाळपासून मोजत बसल्या.
मी नाशिकहून आलेला, नुसता ताटं उचलून देणारा.

दोनशे सत्तेचाळीसावं ताट हलकं लागलं.
त्यावर म. मं. बे. नव्हतं.
कडेला टाचणीने कोरल्यासारखं : धु. बो.
दादांच्या लग्नातलं.
आमचं आठवं.

कुणाचं हरवलं होतं, कधी भरून दिलं,
वहीत कुठेच नाही. ती एवढंच म्हणाली,
त्या बाईचा नवरा नुकताच गेला होता,
दंड कसला मागायचा.

नर्मदा म्हणाली, आक्का, हे घरचं ना, घरी न्या.
आईने ते पदराने पुसलं,
ढिगावर ठेवलं.
ऱ्हाऊ दे, म्हणाली. मोजीसन देल शे.
मग माझ्याकडे न बघताच,
पुढचं दे.