उपपद

रात्रीचे पावणेबारा.
खडकीच्या बाजूला मालगाडी गेली, वसतिगृहाची काच थरथरली,
आणि माझ्या चौथ्या प्रकरणात
एकशे बेचाळीस लाल नागमोडी रेघा.

खोटं बोलणार नाही, यंत्राचे उपकार आहेत.
ते दमत नाही.
आगटे बाईंसारखं चष्मा कपाळावर ढकलून
"शाळा कुठली म्हणालीस?" असं विचारत नाही.
पाच वर्षं मी जो शब्द अनेकवचनी लिहीत होते
तो अनेकवचनी होतच नाही,
हे त्याने मला मध्यरात्री, एकटीला सांगितलं.
कुणी हसलं नाही.

पण उपपद.
इथे 'द' हवा. इथे 'द' नको. इथे 'अ' चालेल.
मी घालते, काढते, पुन्हा घालते,
चुलीपुढे मीठ विसरलेल्या बाईसारखी.
आमच्याकडे गवत म्हटलं की गवत.
कुठलं, ते बोट दाखवतं.

ते बोट माझ्या चुलत्याचं, मायाप्पा लेंगऱ्यांचं.
वेताळ टेकडीच्या मागच्या उतारावर
माझ्या नमुन्यांच्या पिशव्या बाजूला सारून म्हणाले:
हा पवन्या. ही कुसळी.
हिच्या नादाला लागू नको, लोकरीत शिरली
की फिरत फिरत कातड्यापर्यंत जाती.

पवन्याखाली लाल रेघ.
'पॅव्हेलियन' म्हणायचं आहे का?
कुसळीखाली लाल रेघ.
'कॅज्युअल' म्हणायचं आहे का?

मी लिहिलं: फुलोऱ्याच्या आधी चारावं, असं सांगितलं जातं.
कोणाकडून? कर्ता स्पष्ट करा.
आता कर्ता कोण लिहू?
चुलता, त्याला सांगणारा त्याचा बाप,
की बापाला शहाणं करणारी
ती एक म्हातारी मेंढी, जी फुललेल्या गवताला तोंड लावेना?
'मला वाटतं' लिहावं तर:
ठाम बोला.

आणि एक निळी रेघ. ती चुकीची नसते, फक्त शंकेची.
मी लिहिलं होतं, आम्ही मुळा ओलांडतो
दिवाळीनंतर, पहाटे, वाहनं कमी असताना.
या प्रबंधाला लेखक एकच आहे.
'आम्ही' म्हणजे कोण?

याच्यावर मी बराच वेळ काही दाबलं नाही.
त्यांच्या भाषेत एकच 'वी'.
त्यात समोरचा आत की बाहेर, कळायला मार्ग नाही.
आमच्यात आपण वेगळे, आम्ही वेगळे,
आणि सहा वर्षं गणेशखिंडीत राहून
मी कशात, ते मलाही
आता पटकन सांगता येत नाही.

दीड वाजता गुण आले. सत्त्याण्णव.
वाचून पाहिलं. वाक्यं कातरलेल्या मेंढरांसारखी,
स्वच्छ, हलकी, एकमेकांना खेटून उभी.
थोडी कुडकुडत.

उरलेले तीन गुण माझ्या आडनावाचे होते.
पहिल्या पानावर, नावाखाली, रेघ:
'लिंगर' म्हणायचं आहे का?
शब्दकोश उघडून पाहिला. लिंगर म्हणजे रेंगाळणे.
एकटीच हसले, शेजारची मिताली कूस बदलेपर्यंत.

मग यादीत एक बटण सापडलं: शब्दकोशात जोडा.
पवन्या जोडला. कुसळी जोडली.
लेंगरे जोडलं.
तीन शब्दांचा शब्दकोश,
एका जुन्या लॅपटॉपपुरता.

सकाळी ग्रंथालयातल्या संगणकावर फाइल उघडली,
तिघांच्याही खाली रेघ परत हजर.

तेवढ्यात फोन. मागे घंटा, कुत्रं,
एक हॉर्न जो थांबतच नव्हता.
"पाषाणच्या अंगाला आलोय गं.
गेल्या साली उतरलो हुतो तिथं आता पत्रं मारल्यात.
तुझं ते लिवून झालं का?"

म्हटलं, थोडं राहिलंय काका.
एक शब्द अडलाय.

"मग त्याच्यापाशी रेंगाळतीस कशाला?
म्होरं चल. मागनं येतंय ते."